सोमवारचा पंप

पॉवर स्टेअरिंगचा पंप बिघडायला लागला की आधी कण्हतो, मग ओरडतो, आणि ओरडून ओरडून दमला की मुका होतो. मुका झाला की स्टेअरिंगचा दगड झाला म्हणून समजा. हे शिवम्माला तिच्या नवऱ्यानं शिकवलं होतं, आणि महालिंगप्पा जाऊन सहा वर्षं झाली तरी ती ते तसंच्या तसं गाडीवाल्यांना सांगायची. "दादा, कण्हतोय तवाच घेऊन या. मुका झाल्यावर मला दाखवून काय उपेग?" तिचा आवाज इतका हळू, की ड्रायव्हर लोकांना ते ऐकायला आधी इंजिन बंद करावं लागे.

उमरग्यात बसस्टँडकडचा रस्ता जिथं हायवेला मिळतो, त्या वळणावरच तिचं दुकान. पुढं दुकान, मागं दोन खोल्यांचं घर. वळण असल्यामुळं प्रत्येक गाडीला तिथं स्टेअरिंग पूर्ण कापावंच लागे, आणि पंपाचं दुखणं नेमकं तेव्हाच बाहेर येतं. चुलीपुढं बसल्या बसल्या शिवम्मा म्हणायची, "आत्ता गेली त्या टेम्पोत तेल कमी हाय." कधी म्हणायची, "ह्याचं सील गेलंय, दोन महिन्यांत येतोय बघ." आणि दोन महिन्यांत तो टेम्पो दारात उभा असे.

नवा पंप घेणं कुणालाही परवडत नव्हतं. म्हणून जुने पंप तिच्याकडं येत. डिझेलनं धुवायचे, खोलायचे, आतली रिंग उजेडात धरून तिच्यावरून नख फिरवायचं. नख कुठं अडकलं तर रिंग बाद. सील नवं, बेअरिंग नवं. मग रोटरच्या खाचांत दहा पाती बसवायची, गोल कड बाहेरच्या अंगाला. ही पाती ती आकड्यात मोजत नसे. न, मः, शि, वा, य. पाच अक्षरं दोनदा म्हटली की दहा पाती झाली. मग मोटरवर लावून अर्धा तास फिरवायचा आणि शेजारी डोळे मिटून बसायचं. पंप गप फिरला तर कडेला पोलादी पंचानं 'शि' ठोकायचं, खाली तारीख. हायवेवर त्याला 'बाईचा पंप' म्हणत.

एका पंपाला तिला दीड दिवस लागे. आणि सोमवारी ती हत्याराला हात लावत नसे.

हा नेम माहेराहून आला होता. कर्नाटकाची शीव ओलांडली की तिचं माहेर. तिकडं सोमवार बसवण्णाचा. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, पेरणी तोंडावर आली तरी नाही. लग्न होऊन आली तेव्हा महालिंगप्पा म्हणाला होता, "आपल्याकडं बैल कुठं हाय? आपला पानाच आपलं औत." तेव्हापासून सोमवारी दुकानाचं शटर खाली. शिवम्मा पहाटे अंघोळ करून इष्टलिंग तळहातावर घेई, भस्म लावी, आणि दिवसभर मठात जाऊन बसे. गावातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं, सोमवारी बाईकडं पंप न्यायचा नाही.

दुकानात तिच्या जोडीला शिवपुत्र होता. तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि शिवम्माला मूलबाळ नव्हतं. तिनं त्याला उमरग्याला आणलं, शाळेत घातलं. शाळा जमेना तेव्हा दुकानात बसवलं. सगळं काम तिनंच शिकवलं. पहिल्या वर्षी पोरगं एका पंपावर तारीख ठोकायला विसरलं. पंप गेला होता मुरूमच्या एका टेम्पोला. तिनं त्याला एसटीनं मुरूमला पाठवलं, त्या टेम्पोखाली झोपून तारीख ठोकून यायला लावली. "तारीख न्हाय तो पंप आपला न्हाय," एवढंच म्हणाली. त्यानंतर शिवपुत्र कधी तारीख विसरला नाही. आता तो बत्तीस वर्षांचा होता. बायको, दोन पोरं, पलीकडच्या गल्लीत स्वतःचं घर. तरी दुपारचं जेवण अक्काच्या ताटासमोरच.

जुलै सरत आला होता. एका बुधवारी सकाळी शिवम्मा पूजेला बसलेली असताना पिवळी स्कूलबस वळणावर आली आणि तिच्या तळहातावरचं लिंग किंचित हललं. हात हलला होता. बस वळताना बारीक, लांब कण्हली होती.

तासाभरानं पोरं शाळेत सोडून बस परत आली आणि दुकानापुढं थांबली. ड्रायव्हर राजपाल खाली उतरला. पंचेचाळिशीचा, मान तिरकी करून बोलणारा माणूस. बस युवराजशेठची, राजपाल तिच्यावर अकरा वर्षं.

"ताई, ऐका जरा हिचं," तो म्हणाला. "सकाळी पहिल्यांदा काढली की लई रडती. पंप तर तुमचाच टाकलाय, शिवपुत्रानं आणून दिलेला, पंधरा दिसबी झाले न्हाईत. शेठला सांगितलं तर म्हणतोय, तुझं कान हायेत का भोंगं?"

शिवम्मा उठायच्या आत शिवपुत्र हात पुसत पुढं झाला. "पट्टा घासतोय, राजपालभाऊ. पावसाचं पाणी लागलंय."

"शिवू," ती आतून म्हणाली, "पट्टा चिरकतो. हे कण्हणं हाय."

"अक्का, तू बस. म्या बघतो की."

त्यानं बॉनेट उघडलं, तेलाच्या टाकीत बोट घालून बाहेर काढलं. उन्हात बोटावर काहीतरी पांढुरकं चमकलं.

"तेल फेसाळलंय का रे?"

"न्हाय," तो म्हणाला आणि बोट पॅन्टला पुसलं. वरून थोडं तेल ओतलं, पट्टा ताणला. "जावा आता. चार दिसांत आवाज बंद."

तेलात फेस म्हणजे पंप हवा ओढतोय. हवा ओढतोय म्हणजे सील फाटलंय. हे शिवम्माला झोपेतही सांगता आलं असतं. पण बोट पुसणारा हात शिवूचा होता, म्हणून तिनं कानाला गप केलं आणि भाकरी थापायला बसली. आवाज चार दिवसांत बंद झाला नाही. राजपाल पुन्हा आला नाही, कारण शेठनं त्याला दोनदा झापलं होतं.

सात ऑगस्टला, गुरुवारी, संध्याकाळची पोरं सोडताना बस हायवेवरून गावाच्या रस्त्याला वळली. राजपालनं स्टेअरिंग अर्धं कापलं आणि ते तिथंच दगड झालं. दोन्ही हातांनी, अख्खा लटकून ओढलं. बस वळलीच नाही, सरळ उताराला लागून सोयाबीनच्या रानात गेली. बावीस पोरं. नशीब मऊ रानाचं. खरचटलं बऱ्याच जणांना, आणि गावातल्या नंदाच्या पोरीचं मनगट मोडलं.

शनिवारी राखीपौर्णिमा होती. शिवपुत्र नवा शर्ट घालून आला, पाटावर बसला. शिवम्मानं त्याला भस्म लावलं, राखी बांधली. त्यानं नेहमीसारखं तिच्या पायाला हात लावला आणि उठता उठता म्हणाला, "अक्का, युवराजशेठ काय विचारायला आला तर म्हण, पंप नीट हुता."

"नीटच हुता ना?"

"तू कधी वाईट पंप दिलायस का?"

ती हसली. हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

रविवारी दुपारी राजपाल आला. कपाळाला पट्टी, दोन्ही तळहात सोललेले. 'जय भीम ताई' म्हणून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"आत या की, राजपालभाऊ."

"आत येऊन बसायची येळ न्हाय ताई. उद्या धा वाजता शेठनं पालकांना वाड्यावर बोलावलंय, गाड्या लावतो तिथं. म्हणतोय, ड्रायव्हर पिऊन हुता असं सगळ्यांपुढं लिहून देणार."

"पिऊन?"

"शेठचं काय चुकलं म्हणा. त्याला पालकांना कायतरी सांगायचंय. पंप बाईचा, बाईचा पंप वाईट असूच शकत न्हाय. मग ऱ्हायलं कोण? म्या." तो कडू हसला. "त्या दिशी कुणी फुंकायलाबी लावलं न्हाय. आता म्या काय दावू? एकदा तसं लिहिलं की या तालुक्यात मला बैलगाडीबी कुणी हाकू देणार न्हाय. ताई, आमच्यात रोज पंचशील म्हणत्यात. पाचवं शील दारूचं हाय. एकवीस वर्सं झाली मला ते घेऊन. माझ्या घरच्या भिंतींना ठावं हाय, पर भिंती सभेला येत न्हाईत."

रोजचा नेम म्हणजे काय, हे शिवम्माला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं त्याला पाणी दिलं.

"पंप बघितला का तुमी?"

"काढून ठेवलाय तिथंच फळीवर. कुणी खोलला न्हाय. म्या नुसता चिखल पुसला अंगठ्यानं." त्यानं खिशातून एक चुरगळलेलं तिकीट काढलं. मागच्या बाजूला पेनानं लिहिलं होतं: शि. १४ ७ २५. "तुमचाच शिक्का हाय. म्या खोटं बोलत न्हाय."

"तुमी कुठं खोटं बोलताय?" ती म्हणाली. "उद्या येते म्या."

तो गेला. शिवम्मानं भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान मागं उलटलं. जुलै. चौदा तारखेच्या चौकटीत संकष्टीचा गणपती होता आणि बाजूला चंद्रोदयाची वेळ. तिनं बोट वर नेलं, रकान्याच्या माथ्यापर्यंत. सोमवार.

पुन्हा नेलं. पुन्हा सोमवार.

ती तिथंच खाली बसली. त्या दिवशी ती पहाटेपासून मठात होती. संध्याकाळी आली तेव्हा शटरला कुलूप होतं. कुलपाच्या किल्ल्या दोन. एक तिच्या कमरेला.

संध्याकाळी शिवपुत्र चहाला आला. ती म्हणाली, "शिवू, मागं संकष्टी झाली त्या सोमवारी तू दुकान उघडलं हुतंस का?"

"सोमवारी?" तो बशीतून मान वर न काढता म्हणाला. "कायबी काय बोलतीस अक्का." आणि त्याचा हात आपोआप गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्याकडं गेला. लहानपणी तिनंच शिकवलेलं होतं, खरं बोलताना लिंगाला हात लावावा म्हणून. शिवम्मानं तो हात बघितला, त्याच मनगटावरची कालची राखी बघितली. तिनं त्याला अजून चहा हवा का विचारलं. तो म्हणाला, अर्धा कप.

सोमवार उजाडला. श्रावणातला तिसरा. निर्जळ उपास होता. शिवम्मानं पूजा केली, कपाळावर भस्माच्या तीन रेघा ओढल्या, पांढरं इरकली लुगडं नेसली आणि युवराजशेठच्या वाड्यावर गेली.

वाडा म्हणजे पत्र्याचं मोठं शेड. आत तीन बसेस, कडेला फळी, फळीवर पंप. रुपेरी रंगानं चकचकत होता. पंधरा-वीस पालक उभे होते. पुढं नंदा, तिच्या कडेला हाताला प्लास्टर घातलेली पोरगी. राजपाल एका बाजूला एकटाच. शिवपुत्र आधीच येऊन युवराजशेठच्या शेजारी खुर्चीवर बसला होता.

"या मावशी," युवराजशेठ उठून म्हणाला. जाडजूड, बोलका माणूस. "तुम्हाला उपासाच्या दिवशी त्रास दिला. म्या म्हणलं हुतं मंगळवारी घेऊ. तर तुमचा भाऊच म्हणला, सोमवार बरा, दुकान बंद असतं, अक्काला सवड असती."

शिवम्मानं शिवपुत्राकडं बघितलं. तो टोपी नीट करत होता.

सवड. तिला एकदम सगळं लख्ख दिसलं. सोमवारी अक्का पाना धरणार नाही. फळीवरचा पंप फळीवरच राहील. ती उभ्या उभ्या 'पंप माझा' म्हणेल आणि घरी जाईल. बत्तीस वर्षं जो नेम तिनं देवासाठी पाळला, तो भावानं आडोशासारखा वापरला होता. सोमवारी तिची पाठ वळायची म्हणूनच दुकान त्याला सापडलं, आणि सोमवारी तिचे हात बांधलेले म्हणूनच आज त्याला वाचता येणार होतं.

"तुम्ही फक्त एवढंच सांगा," शेठ म्हणाला, "पंप तुमचा आणि नीट हुता. बास. बाकीचं म्या बघतो."

"शिक्का माझा हाय," शिवम्मा म्हणाली. इतकं हळू की मागचे पालक पुढं सरकले. "नीट हुता का ते खोलल्यावर सांगता येईल. तेराचा पाना द्या."

नंदा म्हणाली, "बाई, आज सोमवार हाय. श्रावणातला."

"ठावं हाय मला."

"अक्का," शिवपुत्र उठला, "कशाला? उद्या खोलू की दुकानात नेऊन. नेम मोडशील व्हय?"

"उद्या खोलून राजपालभाऊंना काय उपेग?" ती म्हणाली. तिनं गळ्यातलं लिंग पदराआड नीट सारलं, पदर खोचला आणि राजपालनं पुढं केलेला पाना हातात घेतला. पाना थंड होता. तिचा हात क्षणभर तसाच राहिला. मग तिनं पहिला बोल्ट पकडला.

बोल्टच्या डोक्यावरचा रुपेरी रंग कडकड करत तुटला. रंगाखाली जुना काळा थर होता, तसाच्या तसा. डिझेलनं वरवर धुऊन रंग मारलेला. मागचं झाकण निघालं. तिनं सील बाहेर ओढलं, दोन बोटांत दाबलं. ते पापडासारखं मोडलं. नव्या सीलला दाबून बघा, रबर आहे ते, वाकतं. हे गाडी कंपनीतून आली तेव्हाचं असावं. नवी होती ती फक्त बाहेरून दिसणारी एक रबरी ओ-रिंग. मग रोटर काढला आणि एकेक पातं तळहातावर घेऊ लागली. ओठ हलत होते. न, मः, शि, वा, य. न, मः, शि, वा.

'य' आलं नाही.

शेवटचं पातं दोन तुकडे होऊन रिंगेच्या कडेला रुतलं होतं. तिथून रिंगवर खोल चर गेला होता. नख लावायची गरजच नव्हती, डोळ्यांना दिसत होता.

"हे बघा," तिनं तळहात पुढं केला. "पातं मोडलं आन् मधी अडकलं. पंप गच्च झाला. त्यानंतर स्टेअरिंग कुणाच्या बापाला ओढलं नसतं. राजपालभाऊंनी बस झाडावर न घालता रानात घातली, हे त्यांचं उपकार."

राजपालनं मान खाली घातली. शेठ पुढं येऊन तुकडे बघू लागला. "म्हंजी ह्यो पंप दुरुस्त झालेलाच न्हाय?"

"न्हाय."

"मग शिक्का कसा तुमचा?"

आता ती थांबली. तिनं शिवपुत्राकडं बघितलं. रागानं नाही. लहानपणी त्यानं दुधाचं भांडं सांडलं की ती अशीच बघायची, आणि तो आपण होऊन म्हणायचा, अक्का, म्या सांडलं. तिला वाटलं, आत्ता म्हणेल. सगळ्या शेडनं वाट बघितली.

शिवपुत्र म्हणाला, "शेठ, कसं हाय, अक्काचं आता वय झालं. डोळ्याला दिसत न्हाय पहिल्यासारखं. चुकून ऱ्हायला असंल एखादा."

शिवम्माला वाटलं कुणीतरी दुसराच माणूस बोलला. आवाज मात्र शिवूचाच होता.

"तारीख वाचा, शेठ," ती म्हणाली.

शेठनं पंप उचलला, मोबाइलवर कॅलेंडर बघितलं. "चौदा जुलै... सोमवार." तो थबकला. मागं कुजबुज उठली. "मावशी सोमवारी कुठं..."

"आज सोमवारच हाय की," शिवपुत्र पटकन म्हणाला. "आन् तिच्या हातात पाना हाय. तुमच्या समोर हाय. मग त्या दिशी नसंल कशावरून?"

कुजबुज थांबली. शिवम्मानं आपल्या हाताकडं बघितलं. पाना अजून हातातच होता, बोटांना काळं तेल. बत्तीस वर्षांची साक्ष तिनं राजपालसाठी आत्ताच मोडली होती, आणि भावानं तिचे तुकडे उचलून तिच्याच अंगावर टाकले होते. वाद घालता आला असता. मठातल्या स्वामींना बोलावता आलं असतं, ती तिथं होती म्हणून सांगायला. पण त्यासाठी आधी भावाला खोटा म्हणावं लागलं असतं, ते तिच्या जिभेवर येईना.

तिनं पाना फळीवर ठेवला.

"पंप माझ्या दुकानातून गेला," ती म्हणाली. "दुकान माझं. शिक्का माझा. चूक दुकानाची. ड्रायव्हरची न्हाय. हे म्या लिहून देते, सही करते. पोरीच्या हाताचं काय आसंल ते माझ्याकडं." मग नंदाकडं वळून म्हणाली, "बाई, मला माफ कर असं म्या म्हणत न्हाय. माझ्या कानानं ऐकलं हुतं."

नंदानं एकदा शिवम्माकडं बघितलं, एकदा शिवपुत्राकडं, आणि पोरीला घेऊन त्याच्यापासून दोन पावलं लांब सरकली. शेठनंही कागद आणताना आपली खुर्ची उचलून शिवम्माला दिली. शेजारची शिवपुत्राची मोकळी होती तरी. खरं काय ते सगळ्यांना कळलं होतं. म्हणायची गरज नव्हती, आणि तेच शिवम्माला जास्त लागलं.

परत येताना राजपाल थोडं अंतर ठेवून बरोबर चालत होता.

"ताई, तुमी खोटं बोलला न्हाईत. पर खरं सगळं सांगितलं न्हाय."

"तुमच्या कामाचं हुतं तेवढं सांगितलं," ती म्हणाली. "उरलेलं माझ्या घरचं हाय."

"तुमचा नेम मोडला माझ्यापायी."

"तुमचा ऱ्हायला ना? मग झालं."

घरी शिवपुत्र आधीच येऊन ओट्यावर बसला होता. शिवम्मानं हात धुतले. तेल निघेना, राख लावून घासले. तो बोलायला लागला, थांबेना. लोक दोन-दोन दिवस थांबत नाहीत, सोलापुरात तासात पंप मिळतो, गिऱ्हाईक हातचं जात होतं. फक्त सोमवारचेच. फक्त ज्यांना घाई होती तेच. बाकी सगळे तुझेच, अक्का. रंग मारून दिले, एवढंच. सगळे काही मोडत नाहीत.

"किती?"

"मोजलं न्हाईत."

"तारखा का ठोकल्यास?"

तो गोंधळला. हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. "हाताला सवय हाय," तो म्हणाला. "न ठोकता पंप दिला की झोप लागत न्हाय."

ती त्याच्याकडं बघत राहिली. खोटं काम करतानाही त्याच्या हातानं खरी तारीख ठोकली होती. मुरूमला एसटीनं पाठवून तिनं त्याला एवढं एकच पक्कं शिकवलं होतं. बाकीचं कुठं गेलं?

"तुलाबी ठावं हुतं अक्का," तो एकदम म्हणाला, डोळे भरून. "पट्टा न्हाय, पंप हाय हे तुला कळलं हुतं. तुझं कान मला म्हायती न्हाईत व्हय? तू गप बसलीस."

"व्हय," ती म्हणाली. "तू हुतास म्हणून गप बसले. दुसरं कोण असतं तर बस तिथंच अडवली असती." तिनं हात पुढं केला. "पंच दे. आन् किल्ली."

त्यानं खिशातून किल्ली काढली, मग बऱ्याच वेळानं पंच. छोटा, बोटाएवढा, टोकावर उलटं 'शि'. तो महालिंगप्पानं लातूरला करवून आणला होता, तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराचा. शिवपुत्राच्या नावाचंही तेच, आणि इतकी वर्षं तिला त्याचं कौतुक वाटायचं.

"अक्का, अजून एकदा..."

"साकु, शिवू," ती म्हणाली. पुरे. एवढाच शब्द, माहेरच्या भाषेतला, आईच्या तोंडचा. तो उठला आणि गेला. संध्याकाळी तिनं उपास सोडायला भात केला आणि सवयीनं दोन ताटं मांडली. एक परत उचलून ठेवलं.

मंगळवारी सकाळी पूजा झाल्यावर तिनं शटर उघडलं नाही. खुर्ची घेतली आणि वळणावर, हायवेच्या कडेला जाऊन बसली. ट्रक जात होते, टेम्पो, उसाचे मोकळे ट्रॅक्टर, हैदराबादकडच्या गाड्या. प्रत्येक गाडी स्टेअरिंग कापायची आणि ती डोळे मिटून ऐकायची. हा बरा. हाही बरा. ह्यात तेल कमी हाय, पण पंप चांगला.

दहाच्या सुमाराला भाजीचा एक छोटा टेम्पो वळणावर आला. मागं टोमॅटोचे क्रेट, क्रेटवर दोन बायका बसलेल्या. तो वळला आणि कण्हला. बारीक, लांब.

शिवम्मा उठली. टेम्पो पुढं निघाला होता. तिनं कधी आयुष्यात रस्त्यात कुणाला हाक मारली नव्हती. तिनं पदर खोचला, छातीत श्वास भरला आणि ओरडली,

"ए टेम्पोवाल्या! थांब! पंप माझा हाय!"

आवाज फाटला. समोरच्या हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली. टेम्पो थांबला नाही. ती पुन्हा ओरडली, अजून मोठ्यानं, आणि चप्पल तिथंच टाकून मागं पळत सुटली. पुढं चाळीस पावलांवर टेम्पोचे मागचे लाल दिवे लागले.